मोठा कैदी कोठडीत मेला की 'मारला असणार' हेच आधी तोंडात का येतं?

टॉवेलवाला_एमआयडीसी

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. सुटलं की पार्क चौकात चहा ठरलेला, आणि चहाबरोबर भांडणही ठरलेलं. परवाचं मात्र जरा वाढलं.

आमच्या एका दोस्ताने मोबाईलवर त्या जेफ्री एपस्टाइनच्या जेलचा व्हिडिओ काढला. तोच तो अमेरिकन धनाढ्य, मोठमोठ्यांशी उठबस असलेला, अल्पवयीन मुलींच्या शोषणाच्या आरोपात पकडलेला आणि 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या जेलमध्ये मेलेला. अमेरिकेच्या न्याय खात्याने आणि एफबीआयने जुलै 2025 मध्ये सोडलेला. 11 तासांच्या आसपासचं फुटेज, आणि मध्यरात्रीच्या जरा आधी घड्याळ 11:58:58 वरून थेट 12:00:00 वर उडी मारतं. दोस्त म्हणाला, "बघ बे, ह्याच मिनिटात उडवला त्याला." मी म्हटलं, न्यूयॉर्कच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी 2019 लाच आत्महत्या म्हणून सांगितलंय, एफबीआय पण तेच म्हणतंय. तर म्हणतो, "मग तू काय एफबीआयचा जावई हाईस का?" सगळे हसले, माझा चहा गार झाला.

तिथून गाडी यूपीच्या बाहुबली नेत्यावर, मुख्तार अन्सारीवर गेली. मार्च 2024 मध्ये तिथल्याच बांद्याच्या जेलमधून दवाखान्यात नेला आणि गेला. घरचे म्हणतात जेवणातून विष, सरकार म्हणतं हार्ट अटॅक, व्हिसेऱ्यात, म्हणजे पोटातल्या अवयवांच्या तपासणीत, विष सापडलं नाही. आमच्यात मतं पडली सहाविरुद्ध एक. मग कोणीतरी कसाबचं काढलं. आठवतं का, फाशीच्या आधी 'तो डेंग्यूने मेलाय' म्हणून फिरत होतं? आणि फाशी दिल्यावर 'मेलेल्यालाच लटकवला' म्हणून. माझ्या आत्याचा आजही त्यावर विश्वास आहे.

घरी येताना गाडीवर विचार करत होतो. मी वाद घातला खरा, पण खोटं कशाला बोलू, अशी बातमी आली की माझ्याही मनात पहिलं तेच येतं, मारला असणार. साधा चोर जेलमध्ये मेला तर आपण पान उलटतो. मोठा मेला की प्रत्येकजण डॉक्टर आणि प्रत्येकजण सीआयडी.

असं का होतं? आणि दुसरं, आपल्याकडे कोठडीत माणूस गेला तर पुढे नक्की काय होतं? कोण बघतं, कोण लिहितं? माहीतगारांनी सांगावं. राजकारण आणू नका, ही विनंती (जी कोणी ऐकणार नाही).

---

शेंगाचटणी

सोपं आहे की बे. ज्याच्या डायरीत मोठ्यांचे नंबर, तो मेला की किती जणांना शांत झोप लागते ते मोजायचं. साध्या चोराच्या डायरीत बायकोचा आणि वकिलाचा नंबर असतो. त्याला कोण कशाला मारेल?

---

कोर्टाच्या_पायऱ्या

सोलापुरात वकिली करते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आधी एक गल्लत दूर करू. लोक 'जेल' म्हणतात त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, माणूस पोलीस ठाण्याच्या लॉकअपमध्ये. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, माणूस कारागृहात, तुरुंग प्रशासनाच्या ताब्यात. मारहाणीच्या तक्रारी बहुतेक पहिल्या प्रकारात येतात. दुसऱ्या प्रकारात दुखणं अंगावर काढणं, औषध वेळेवर न मिळणं, कैद्यांची आपसातली भांडणं. पण पेपरात दोन्हीचा मथळा एकच, 'कोठडीत मृत्यू'.

मृत्यू झाला की 24 तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवावं लागतं. ही सूचना आयोगाने डिसेंबर 1993 मध्येच काढली. 1995 मध्ये आयोगाने राज्यांना लिहिलं की अशा शवविच्छेदनाचं चित्रीकरण करा. कारण उघड होतं, स्थानिक दबावाखाली अहवाल फिरवले जातात अशी शंका आयोगालाच होती. म्हणजे टॉवेलवाले भाऊ, तुमच्या चहाच्या टपरीवरची शंका दिल्लीतही तेव्हाच पोचली होती.

पूर्वी चौकशी तहसीलदार किंवा प्रांत करायचे. सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम 176 मध्ये 1अ घातलं गेलं, जून 2006 पासून ते लागू झालं, आणि अशी चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आली. आता 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आहे, तिथे ते कलम 196 मध्ये सापडेल. पोलिसांचा तपास वेगळा, ही चौकशी वेगळी. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितले. फुटेज 18 महिने ठेवायचं, ते जमत नसेल तर निदान वर्षभर. प्रत्यक्षात आम्ही फुटेज मागितलं की काय उत्तर येतं ते इथे लिहीत नाही, उद्या त्याच ठाण्यात जायचंय.

आणि मोठा माणूस म्हणजे त्याला हातच लावला असेल असं काही नसतं. राजन पिल्ले आठवतात का कुणाला? ब्रिटानियावाले, 'बिस्किट किंग' म्हणायचे. जुलै 1995 मध्ये दिल्लीत अटक झाली, चार दिवसांत गेले. लिव्हर सिरॉसिस होता. दवाखान्यात हलवा म्हणून कोर्टात अर्ज होता, मिळालं नाही. न्यायमूर्ती लीला सेठ यांचा आयोग बसला, आणि 2011 मध्ये दिल्ली हायकोर्टाने 10 लाखांची भरपाई द्यायला लावली. विष नाही, गळफास नाही, सुपारी नाही. एक आजारी माणूस आणि 'नाटक करतोय' म्हणणारी यंत्रणा, एवढंच. पण एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही. गोष्ट फार साधी वाटते.

---

फोटोवाले_काका

वकीलताईंनी चित्रीकरणाचं लिहिलंय म्हणून लिहायला बसलो. नाहीतर मी इथं फक्त वाचत असतो.

आयोगाने शूटिंग करा म्हटलं. बरोबर. पण करणार कोण? तुम्हाला वाटत असेल सरकारचा कॅमेरामन येतो. अहो, आमच्याकडे तरी त्या काळात ते आम्हीच करायचो, हळदी-अक्षतावाले. माझं अशोक चौकाच्या बाजूला दुकान आहे, 1994 पासून. पद्मशाली लग्नं, लिंगायत लग्नं, बारसं, वास्तुशांत, आणि मधूनच कधीतरी पोलिसांचा फोन. असे चार पीएम, म्हणजे शवविच्छेदनं, मी शूट केले. तीन विसरलो. चौथ्याबद्दल लिहितो. गाव, ठाणं, दवाखाना काही सांगणार नाही, सोलापूर शहरातलं नाही एवढंच.

2007 चा मे. लग्नसराई टिपेला. साखर पेठेतली हळद संपवून नुकता दुकानात टेकलो होतो. ओळखीच्या हवालदाराचा फोन. त्याच्या बहिणीचं लग्न मी केलेलं. "काका, कॅमेरा आन् लाईट घेऊन निघा, गाडी पाठवतो. बिलाचं बघू." ते बिल अजून बघताहेत.

मेलेला माणूस त्या गावात नावाचा होता. जागांचे व्यवहार, सट्टा, दोन्ही पक्षांत उठबस. अटक झाल्यापासून पेपरात पहिल्या पानावर. रात्री छातीत दुखतंय म्हणाला, सकाळी संपला. आम्ही पोचलो तर दवाखान्याबाहेर दोन-तीनशे माणूस. जीपमधून उतरताना मला कोणीतरी शर्टाला धरून म्हणालं, "खरं ते काढा." मी मान हलवली. लग्नातही मामा लोक असंच म्हणतात, "आमच्या बाजूचं नीट काढा."

माझ्याकडे सोनीचा पीडी-170 होता. छोटी कॅसेट, 60 मिनिटांची. गडबडीत नवी घालायची राहिली, आत हळदीचीच अर्धी भरलेली होती. म्हटलं उरलेल्यात होईल सुरुवात, मग बदलू.

आत पंखा होता पण तो वास फक्त फिरवत होता. मी नाकाला विक्स चोळून रुमाल बांधला. डॉक्टर तरुण होते, कामाचे. प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलून दाखवायचे, म्हणजे आवाज टेपवर यावा म्हणून. "लाईट इकडं घ्या, तुमची सावली पडतेय." मी लाईट घेतला. मान बघितली, खूण नाही. डोळे, तोंड, नखं. मग त्यांनी मदतनिसाला सांगितलं, पालथा करा.

पाठ बघून माझ्या हातातला कॅमेरा हलला. सगळी पाठ, मांड्यांची मागची बाजू निळी-जांभळी. खांद्याचे फरे आणि बसायची जागा तेवढी पांढरी फटक. दारात त्याचा धाकटा भाऊ उभा होता. त्याला आत घेतलं नव्हतं पण दार पुरतं लागत नव्हतं. तो ओरडला, "बघा, बघा काय केलंय माझ्या भावाचं!" बाहेरच्या गर्दीत ते पसरलं. खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. पट्ट्याने फोडलाय.

डॉक्टर शांत होते. म्हणाले, "हे मारल्याचं नाही. माणूस मेल्यावर उताणा पडून राहिला की रक्त खाली साकळतं. जिथं फरशी टेकली तिथं साकळत नाही, म्हणून तो भाग पांढरा. मी आता दाखवतो, कॅमेरा जवळ आणा." आणि सुरी घेतली.

तेवढ्यात कॅमेरा बीप करायला लागला. टेप संपली.

मी म्हटलं, साहेब एक मिनिट. ते थांबले नाहीत. त्यांना अजून दोन पीएम होते. मी नवी कॅसेट काढली, तिचा प्लॅस्टिकचा कागद घामाच्या हाताने सुटेना, दाताने फाडला. ते करता करता मी बघत होतो. त्यांनी त्या जांभळ्या जागी चीर दिली, पाण्याचा मग ओतला, आणि रक्त वाहून गेलं. खालचं मांस स्वच्छ. म्हणाले, "मार लागलेला असता तर रक्त मांसात मुरलेलं असतं, असं धुऊन जात नाही." दोन-तीन ठिकाणी करून दाखवलं. मी या दोन डोळ्यांनी बघितलं. कॅमेरा परत सुरू झाला तेव्हा ते छाती उघडायला लागले होते.

तीन मिनिटं गेली असतील. फार तर साडेतीन.

आता पुढची गंमत ऐका. गंमत म्हणजे काय, माझी फजिती. माझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ 22 मिनिटं मागे होतं. चुकून नाही, मीच लावलेलं. लग्नवाल्यांची एकच तक्रार असायची, पत्रिकेत मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा आणि तुमच्या कॅसेटवर अक्षता पडताना 12:57 दिसतंय. सासरचे बघतात, बोलतात. सोलापुरात मुहूर्तावर अक्षता पडलेलं लग्न मी 30 वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याएवढं बघितलंय. म्हणून सीझनमध्ये मी घड्याळच मागे करून ठेवायचो. नवरीचा बाप खूश, कॅसेटवर मुहूर्त बरोबर.

न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत मला बोलावलं. टीव्हीला वायर जोडून कॅसेट लावली. मी सांगत होतो की साहेब पुढे करून देतो, पण त्यांनी पहिल्यापासून लावायला सांगितलं. लागली तर काय, साखर पेठेतली हळद. बँजो वाजतोय, नवरदेवाची मावशी नाचतेय. त्या खोलीत मागच्या बाकावर मेलेल्याची आई बसली होती. मी बटण दाबेपर्यंत चार-पाच सेकंद गेले असतील. ते चार-पाच सेकंद मला अजून अधूनमधून रात्री ऐकू येतात.

मग घरच्यांच्या वकिलाने विचारलं, अहवालात पीएम सुरू 4 वाजून 10 मिनिटांनी, कॅमेऱ्यावर 3:48. म्हणजे डॉक्टरांच्या आधी कोणी आत होतं? मी अक्षतांचं सांगितलं. कोणी हसलं नाही. आणि मग, पाठीवरच्या डागांच्या वेळीच नेमका कॅमेरा बंद कसा झाला? मी टेपचं सांगितलं, हळदीचं सांगितलं, दाताने कागद फाडल्याचं सांगितलं. बोलता बोलता माझं मलाच खोटं वाटायला लागलं. घड्याळ चुकीचं, टेप अर्धी, नेमक्या क्षणी बंद, आणि माणूस पोलिसांच्या ओळखीचा. मी त्या बाकावर बसलो असतो तर माझ्यावर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता.

आता तुमच्या न्यूयॉर्ककडे येतो. ते मिनिट मी मुलाकडून नीट बघून घेतलं. तिथल्या सरकारने सांगितलं की रेकॉर्डिंगची यंत्रणा रोज रात्री नव्याने सुरू होते, म्हणून मिनिट जातं. पुढे सप्टेंबरात त्यांच्या संसदेच्या समितीने सोडलेल्या फुटेजमध्ये ते मिनिट आलंसुद्धा. झाला का कोणाचा संशय कमी? नाही झाला, आणि होणारही नव्हता. कारण भोक एकच नव्हतं. त्या भागातले बरेच कॅमेरे रेकॉर्डच करत नव्हते. जो चालू होता तो कोठडीच्या दाराकडे नव्हता. कोठडीत जोडीदार ठेवायचा होता, तो आदल्या दिवशी हलवला, दुसरा दिला नाही. एपस्टाइन मरायच्या जवळपास तीन आठवडे आधी मानेवर खुणा घेऊन सापडला होता, तरी खास पाळतीवरून काढला. पहारेकरी दोघे, कोठडीपासून 15 फुटांवर. दर अर्ध्या तासाला फेरी मारायची, मारली नाही, आणि कागदावर मारली म्हणून सह्या केल्या. त्यातली एक बाई नेटवर फर्निचर बघत होती, दुसरा मोटारसायकली. वर भावाने लावलेले डॉक्टर म्हणाले, मानेचं हाड असं मोडणं गळा दाबल्यासारखं वाटतं. सरकारी डॉक्टर म्हणाल्या, फाशीतही मोडतं.

माझ्यासारख्याला त्यात काय दिसतं सांगू? मला तो मोटारसायकली बघणारा माणूस दिसतो. तो माझाच भाऊबंद. त्याला कोणी पैसे दिले असतील तर मला माहीत नाही, पण न देताही माणूस हे सगळं करतो, मी केलंय. कामचुकारपणा झाकायला खोटी सही, आणि त्या सहीतून पुढची सगळी कहाणी. खून लपवायला केलेली सही आणि झोप लपवायला केलेली सही बाहेरून बघणाऱ्याला एकाच शाईची दिसते.

म्हणून मी तुमच्या दोस्ताला येडा म्हणणार नाही, भाऊ. आणि तुम्हालाही एफबीआयचा जावई म्हणणार नाही.

एक गोष्ट राहिली, ती लिहू की नको करत होतो. तळपाय. ते मी लांबूनच घेतले. जवळ जाऊन घ्यायला पाहिजे होते, आता कळतं, मारायचं तर तिथं मारतात, लवकर दिसत नाही. मी वाकणार तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "झालं की, पुढं चला." डॉक्टर नव्हे, वर्दीतलं कोणीतरी. घाईत म्हणाला की मुद्दाम, देव जाणे. अहवालात तळपायांवर इजा नाही असंच आहे आणि डॉक्टर मला सरळ वाटले. पण मी बघितलं नाही ते नाही.

---

यंत्रमाग_उतरलेला

काका, मनापासून लिहिलंत. पण तुमच्या गोष्टीवरून लोक म्हणतील की सगळाच निष्काळजीपणा असतो. तसं नको.

सांगली आपल्याला लांब नाही. नोव्हेंबर 2017. चोरीच्या गुन्ह्यात पकडलेला पोरगा. पोलिसांनी सांगितलं, कोठडीतून पळून गेला. प्रत्यक्षात मारहाणीत मेला होता आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला होता. खुद्द फौजदाराला अटक झाली. त्याच्या 14 वर्षं आधी, जानेवारी 2003 मध्ये, घाटकोपर बॉम्बस्फोटातला आरोपी ख्वाजा युनूस, परभणीचा इंजिनिअर. तेव्हाही पोलिसांचं तेच, पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. तो आजवर कोणाला दिसला नाही. 'पळून गेला' हे वाक्य दोनदा ऐकलेला माणूस तिसऱ्यांदा विश्वास ठेवेल का?

येरवडा जेलमध्ये अंडा सेल, म्हणजे खास बंदोबस्ताच्या कोठड्या, त्यापेक्षा कडक जागा नाही म्हणतात. जून 2012 मध्ये तिथेच दहशतवादाच्या आरोपातल्या कतील सिद्दीकीचा गळा आवळून खून झाला. दोन कैद्यांवर खटला चालला, दोघेही निर्दोष सुटले. म्हणजे राज्यातल्या सगळ्यात बंदोबस्तातल्या कोठडीत माणूस मारला गेला आणि कोर्टाच्या हिशेबाने कोणीच मारला नाही! भायखळ्याच्या महिला जेलमध्ये 2017 ला मंजुळा शेट्ये ही कैदी मारहाणीत गेली तेव्हा बाकीच्या बायका छतावर चढल्या म्हणून बाहेर कळलं. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारातला आरोपी सप्टेंबर 2024 मध्ये पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा कितीजणांनी पेढे वाटले. तेच लोक एपस्टाइनच्या मिनिटाबद्दल मात्र हळहळतात. त्या प्रकरणात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने पाच पोलिसांवर बोट ठेवलं. परभणीत डिसेंबर 2024 ला आंदोलनातला पोरगा न्यायालयीन कोठडीत गेला. पीएममध्ये अनेक जखमा, सभागृहात मात्र मारहाण नाही म्हणून सांगितलं, आणि गुन्हा नोंदवायला हायकोर्टाला सांगावं लागलं.

आणि एल्गार परिषद प्रकरणात अटक झालेले फादर स्टॅन स्वामी? 84 वर्षांचे, पार्किन्सन, हाताने ग्लास धरता येईना. स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. जुलै 2021 मध्ये बांद्र्याच्या दवाखान्यात गेले, जामीन न मिळताच. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही, सगळं फायलीत आहे. माझ्या मते ते जास्त वाईट.

टॉवेलवाले, तुम्ही म्हणता साधा चोर मेला की आपण पान उलटतो. सांगलीचा पोरगा साधाच होता.

---

शेंगाचटणी

वरची सगळी वाचून माझी कमेंट उडवावी वाटलाली. राहू दे. एक विचारतो काका, त्या हळदीवाल्यांना कॅसेट मिळाली का मग?

---

टॉवेलवाला_एमआयडीसी

यंत्रमाग भाऊ, लागलं मनाला. मी मोठ्या नावांवरून विषय काढला आणि सांगली विसरलोच. तेव्हा पेपरात रोज वाचत होतो.

वकीलताई, एक शंका. चौकशीचा अहवाल घरच्यांना मिळतो का? आणि काका, त्या धाकट्या भावाचं पुढे काय? डॉक्टरांनी चीर देऊन दाखवलं ते तुम्ही त्याला कधी बोललात का?

---

कोर्टाच्या_पायऱ्या

आपोआप घरपोच येत नाही. अर्ज करा, नक्कल मागा, फेऱ्या मारा. बहुतेक घरं तेराव्यानंतर थकतात. माझ्याकडे एक आजोबा दीड वर्ष यायचे, अहवालासाठी. निकालात काय आहे हे त्यांना वाचायचं नव्हतंच. त्यांना फक्त पोराच्या मृत्यूची वेळ हवी होती, वर्षश्राद्धाची तिथी ठरेना म्हणून. पोलिसांच्या कागदावर एक वेळ, दवाखान्याच्या कागदावर दुसरी, मधे सूर्योदय.

---

फोटोवाले_काका

शेंगाचटणी, हळदीवाल्यांची कॅसेट सरकारजमा झाली, ती झालीच. त्यांना मी 500 रुपये परत दिले आणि अक्षतांचा अल्बम एक साईज मोठा करून दिला. नवरदेवाची मावशी अजून भेटली की विचारते, "माझा डान्स कुठाय?" काय सांगणार.

धाकट्या भावाचं. चौकशीच्या दिवशी बाहेर व्हरांड्यात त्याला गाठून सांगितलं होतं, चीर दिली, पाणी ओतलं, रक्त वाहून गेलं, मी बघितलंय. तो म्हणाला, "किती दिले त्यांनी तुम्हाला?" मी म्हटलं, अहो बिलसुद्धा नाही दिलं. तो निघून गेला. निकाल हृदयविकार म्हणून आला. पुढे काही झालं नाही. त्यांनी पुढे कोर्टातही काही केलं नाही, पण गावात अजून विचारलंत तर शंभरातले नव्वद मारला म्हणूनच सांगतील.

2022 च्या डिसेंबरात दुकानात एक माणूस आला. डोक्यावर केस नाहीत, सोबत पोरगी. लग्नाची ऑर्डर. मी ओळखलं नाही, त्याने मला ओळखलं होतं. वही काढून तारीख लिहीत होतो तर म्हणाला, "तुम्ही ते पाणी ओतल्याचं सांगितलं होतं." मी पेन खाली ठेवलं. पोरगी अल्बम चाळत होती, तिला काही कळलं नाही. त्याने विचारलं, "दोन ठिकाणी का तीन?" म्हटलं, तीन. एक डाव्या फऱ्याखाली, एक कमरेला, एक मांडीला. त्याने नुसतं हं केलं. मग भाव केला. 40 हजार सांगितले, 32 वर आणलं. सोलापूरकर तो, सोडणार थोडाच.

लग्न विजापूर रोडच्या कार्यालयात. मी कॅमेरा उघडला तर हा बाजूला येऊन उभा. म्हणाला, "काका, घड्याळ?" आता कॅसेट नाही, कार्ड असतं, पण वेळ लावायची सोय तीच. मी खिशातून मोबाईल काढला, त्याच्यासमोर मिनिट जुळवलं, त्याला दाखवलं. त्याने स्वतःच्या मनगटावरही बघून घेतलं.

मुहूर्त 12 वाजून 29 मिनिटांचा होता. अक्षता 12:54 ला पडल्या. कार्डावर तशाच आहेत, त्याने बदलू दिल्या नाहीत.